आधी कांडी, मग सुरी: कलम बांधायला शिकताना

हापूस खाऊन झाला की बाठी परसात टोचायची आणि सात-आठ वर्षांनी घरचा हापूस खायचा, असा बेत दर मे महिन्यात कुणी ना कुणी मला सांगतं. झाड येतं, मोठं होतं, फळंही धरतं. फक्त ती फळं हापूसची नसतात. हापूसच्या बाठीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून झालेला. आई हापूस, बाप कोण हे त्या मोहोरावर बसलेल्या माशीला ठाऊक. त्यामुळे बाठीचं प्रत्येक झाड वेगळं निघतं आणि आपण त्याला रायवळ म्हणून मोकळे होतो. हापूस हवा असेल तर हापूसचीच फांदी दुसऱ्याच्या मुळांवर बसवावी लागते. तेच कलम.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची रत्ना ही जात घ्या. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली, १९८१ साली लागवडीसाठी दिलेली. संकराचं मूळ रोप एकच होतं. आज ज्याच्या ज्याच्या बागेत रत्ना आहे, ते प्रत्येक झाड त्या एका रोपाच्या फांदीच्या फांदीची फांदी आहे. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून १९९२ साली आलेल्या सिंधूचंही तेच.

मी कलमं बांधायला शिकलो ते आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या कलमवाल्याकडे. पहिल्या पावसाळ्यात पन्नास बांधली, सात जगली. मला वाटलं, हात कच्चा. आजोबांनी मेलेली कलमं घेतली, एकेकाची पट्टी सोडून सांधा पाहिला आणि म्हणाले, “काप बरे आसत. आधी कांडी बघ रे, सुरी मगे.” खरंच होतं. कांड्या, म्हणजे कलमात वर बसवायचे फांदीचे तुकडे, मी भर दुपारी काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबल्या, दुचाकीच्या डिकीत ठेवल्या आणि वाटेत चहाला थांबलो. घरी येईपर्यंत त्या उकडून निघाल्या होत्या. वरून हिरव्यागार, आतून मेलेल्या. तेव्हापासून शिकायला येणाऱ्याला मी पहिला दिवस चाकूच देत नाही, झाड बघायला नेतो.

सांध्यात नेमकं काय होतं

दोन शब्द आधी पक्के करू. खाली मुळं असलेलं रोप म्हणजे खुंट. वर बसवायची ती हव्या त्या जातीची कांडी. पेरूची किंवा आंब्याची कोवळी काटकी घ्या आणि नखाने साल सोला. साल आणि पांढरं लाकूड यांच्या मधोमध बोटाला बुळबुळीत लागणारा एक पातळ थर असतो. तो कँबियम. झाडाची जाडी वाढते ती या थरामुळे, जखम भरते तीही इथूनच. खुंटाचा हा थर आणि कांडीचा हा थर एकमेकांना टेकले, टेकलेले राहिले आणि मध्ये सुकले नाहीत, तर दोन्हीकडून नव्या पेशी येऊन सांधा भरतो. कलम बांधण्यात याहून जास्त गूढ काही नाही. मधलं लाकूड लाकडाला कितीही घट्ट चिकटलं तरी त्याचा उपयोग नाही. कडेचा थर कडेच्या थराला लागला पाहिजे.

यावरून दोन गोष्टी आपोआप कळतात. नारळ, सुपारी, केळ यांच्यात असा थरच नसतो, म्हणून त्यांची कलमं होत नाहीत. केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्यापाशी फुटणारी पिल्लं, लावायचे. नारळ आणि सुपारी बियांपासूनच. आणि नातं जवळचं लागतं. आंबा आंब्यावर, संत्रं लिंबाच्या जातभाईंवर, चिकू खिरणीवर. आंब्यावर फणस बसवल्याचे व्हिडिओ येतात, ते करमणूक म्हणून बघा.

हात बसवायला छाट आणि गुटी

थेट आंब्याला हात घालू नका. सुरुवात छाट कलमापासून करा, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत खोचून त्याला मुळं आणायची. जास्वंद, अंजीर, डाळिंब, गुलाब, तगर यांवर हे जमतं. पेन्सिलीएवढी जाड, पिकलेली पण म्हातारी नव्हे अशी फांदी घ्या. १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा, त्यावर तीन-चार डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, सरळ. हा तिरका-सरळ फरक मुख्यतः आपल्यासाठी आहे: वीस तुकडे टेबलावर पडले की वर-खाली कळेनासं होतं, आणि उलटा खोचलेला तुकडा सहसा जगत नाही. वाळू, माती आणि पुरतं कुजलेलं शेणखत यांच्या मिश्रणात दोन डोळे मातीखाली जातील असं खोचा आणि सावलीत ठेवा. मुळं फुटायची पावडर दुकानात मिळते. कठीण झाडांना ती लावलेली बरी, जास्वंदीला तिची गरज नाही.

इथे नवशिके हमखास फसतात ते कोंबाला. आठ-दहा दिवसांत हिरवा कोंब येतो आणि आपण ‘लागलं’ म्हणून खूश होतो. तो कोंब फांदीत साठलेल्या अन्नावर आलेला असतो. खाली अजून मुळाचा पत्ता नसतो. उपटून बघायचा मोह आवरा. कोंबाची दुसरी, तिसरी पानं नीट मोठी झाली की मगच मुळं आली असं समजा.

गुटी कलम यापेक्षा मजेचं, कारण फांदी झाडावरच असते आणि मरायची भीती जवळजवळ नाही. डाळिंब, लिंबू, पेरू, जांब यांना पावसाळ्याच्या तोंडाला गुटी बांधतात. साधारण वर्षाची, पेन्सिलीएवढी फांदी निवडा. शेंड्यापासून फूट-दीड फूट मागे, एका डोळ्याच्या खाली, अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल कापून बांगडीसारखी काढा. उघडं पडलेलं लाकूड चाकूच्या मागच्या बाजूने खरवडून बुळबुळीतपणा पूर्ण घालवा. तो राहिला तर झाड त्या जागी नवी साल आणतं आणि दोन महिन्यांनी तुम्ही पिशवी सोडता तेव्हा आत मुळाऐवजी बरी झालेली जखम मिळते.

पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली जात असतं. वाट तोडली की ते बांगडीच्या वरच्या कडेला साचतं आणि मुळं तिथूनच फुटतात. म्हणून शेवाळ त्या वरच्या कडेवर भरपूर आलं पाहिजे. शेवाळ, म्हणजे नर्सरीत मिळणारं वाळकं स्फॅग्नम मॉस, पाण्यात भिजवा आणि मुठीत घट्ट पिळा. दाबल्यावर थेंब टपकला तर अजून पिळा. त्याचा लाडू कापाभोवती बसवा, वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळा. वरचं टोक जास्त घट्ट, नाहीतर फांदीवरून ओघळणारं पावसाचं पाणी आत शिरतं आणि सगळं कुजतं. ढिलं राहिलं तर मुंग्या घर करतात, हेही आमच्याकडे नेहमीचं.

महिना-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. ती पिवळसर, तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटेपर्यंत थांबा. मग गुटीच्या खाली फांदीला अर्धाच काप द्या, आठवड्याने पुरती तोडा. अर्धी पानं काढून टाका, पिशवीत लावा, सावलीत ठेवा. लावताना प्लास्टिक काढायचं असतं. हसू नका, प्लास्टिकसकट लावणारे मी स्वतः पाहिले आहेत. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं, म्हणून उघड्या वाऱ्याच्या जागी पहिली दोन वर्षं काठीचा आधार हवाच.

आता आंबा: कोय कलम

कोकणात पूर्वी भेट कलम चालायचं. कुंडीतलं रोप मातृवृक्षापाशी, म्हणजे ज्याची फांदी हवी त्या झाडापाशी, न्यायचं, मचाण करून फांदीच्या उंचीवर ठेवायचं, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायचं आणि दोन-तीन महिने त्या कुंड्यांना पाणी घालत बसायचं. खात्रीचं, पण खटाटोपाचं. कोय म्हणजे बाठीच; बाठीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधायच्या कोय कलमाने ते सगळं टेबलावर आणलं. हमी एकाच गोष्टीची लागते: हवेतला दमटपणा. जून ते ऑगस्ट कोकणात तो फुकट मिळतो. देशावर किंवा विदर्भात करत असाल तर शेडनेट आणि फवारा यांची सोय आधी करा.

बाठींपासून सुरू करू. रायवळ आंब्याच्या बाठी मेच्या शेवटी, जूनमध्ये गोळा करा. बाठीचा जीव फार थोडा. महिनाभरात उगवण्याची ताकद जाते, म्हणून जितकी ताजी तितकी बरी. गर धुऊन टाका, सावलीत एखादा दिवस सुकवा, मग बादलीभर पाण्यात टाका. तरंगतात त्या फेकून द्या. उरलेल्या वाळू-शेणखताच्या गादीवाफ्यावर जवळजवळ मांडा आणि वर पाच सेंटिमीटर वाळू पसरा. पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोंब वर येतात. काही बाठींतून एकापेक्षा जास्त कोंब येतात. ठसठशीत एक ठेवा.

याच दिवसांत कांडीची तयारी चालू हवी, आणि इथे घाई करू नका. ज्या झाडाची फळं तुम्ही स्वतः खाल्ली आहेत, जे दरवर्षी किंवा निदान बऱ्यापैकी नियमित धरतं आणि ज्याला रोग नाही, ते मातृवृक्ष. अनोळखी झाडाची कांडी म्हणजे पुन्हा बाठी लावल्यासारखंच. फांदीचा शेंडा घ्या: तीन-चार महिन्यांचा, या हंगामात मोहोर न आलेला, उन्हाकडच्या बाजूचा. रंग गडद हिरवा ते करडा, आकार गोल. त्रिकोणी, लुसलुशीत शेंडे नकोत. टोकाचा डोळा टपोरा, फुगलेला, पण न उमललेला. बाठीचं रोप जेवढं जाड तेवढीच कांडी जाड.

निवडलेला शेंडा कापण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच राहू द्यायचा, फक्त पानांची पाती कापायची आणि देठ ठेवायचे. मग रोज सकाळी एक फेरी मारा. देठाला बोटाने हलकेच लोटा. तो टचकन गळून पडला की कांडी तयार. ओढावा लागला तर अजून थांबा. या आठवड्याभरात रस डोळ्याकडे वळतो, डोळा फुगतो, आणि बसवलेली कांडी लवकर फुटते. कांड्या सकाळी लवकर कापा, १० ते १५ सेंटिमीटरच्या, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी वापरा. डिकीत ठेवू नका, एवढं माझ्या पैशाने शिकलेलं तुम्हाला फुकट.

बांधायच्या दिवशी सामान कमीच लागतं. एक कलमाचा चाकू किंवा कटरचं कोरं पातं, सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री, दोन सेंटिमीटर रुंदीच्या पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या, स्पिरिटचा बोळा, आणि उन्हाळ्यात मुलं चोखतात त्या पेप्सीकोल्याच्या नळीसारख्या कोऱ्या पिशव्या. किराणा मालाच्या घाऊक दुकानात त्या वजनावर मिळतात. सावलीत, वारा लागणार नाही अशा जागी बसा.

रोप बाठीसकट हलक्या हाताने उचला. पानं अजून तांब्याच्या रंगाची असायला हवीत. हिरवी झाली तर खोड निबर झालं, ते कोय कलमाला उपयोगाचं नाही. त्याला दुसऱ्या वर्षी पाहू. बाठी तुटू देऊ नका, कारण पुढचे कित्येक दिवस कलमाची शिदोरी तीच आहे. मुळं आणि बाठी बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून घ्या, प्रमाण पाकिटावर असेल तेच.

बाठीच्या वर सहा ते आठ सेंटिमीटरवर खोड आडवं कापा. मधोमध तीन-चार सेंटिमीटर खोल उभा चिरा. आता कांडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे उतरते काप देऊन पाचर करा. काप एका ओढीत झाला पाहिजे. पेन्सिल तासल्यासारखं छिलत बसलात तर पृष्ठभाग लाटालाटांचा होतो, मध्ये पोकळी राहते आणि त्या पोकळीत बुरशी. चाकू स्थिर धरून कांडी ओढायची की उलट, हे ज्याच्या त्याच्या हाताचं. मी मनगट छातीशी टेकवून कोपर मागे नेतो. आधी पन्नास वाया जाणाऱ्या काटक्यांवर पाचर करा. पाचरीची बाजू पट्टीच्या कडेला लावून उजेडाकडे धरा; फटीतून उजेड आला तर पुन्हा करा.

कापलेल्या जागेला बोट लावू नका. पाचर चिरेत सरकवा. दोघांची जाडी सारखी असेल तर दोन्ही कडा जुळतील. नसेल तर मधोमध बसवू नका. एका बाजूला सरकवून एक कड तरी साल-ते-साल जुळवा. नवशिक्यांची निम्मी कलमं इथे मरतात, कारण मधोमध बसवलेली कांडी दिसायला नेटकी दिसते.

पट्टी खालून वर गुंडाळा, कौलं घालतो तशी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. ताण असा की पट्टी थोडी लांबली पाहिजे. कलम माती-शेणखताच्या पिशवीत लावा. बाठी मातीत बुडेल, सांधा मातीच्या चांगला वर राहील. वरून नळीची पिशवी उपडी घाला आणि सांध्याच्या खाली दोऱ्याने बांधा. सावलीत ठेवा. मातीच्या पिशवीला पाणी बेताचंच.

मग हात बांधून बसायचं. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. वरच्या पिशवीच्या आत पाण्याचे थेंब दिसत असतात, ते बघून ‘जरा हवा लागू दे’ असं वाटतं. नको. पानं उमलून पिशवीला टेकायला लागली की एका ढगाळ संध्याकाळी ती काढा.

मेलेलं कलम उघडून बघा

टाकून देण्याआधी पट्टी सोडा. कांडी काळी पण खुंट हिरवा आणि सांधा कोरडा असेल तर कडा जुळल्या नव्हत्या किंवा पट्टी ढिली होती. सांधा काळा, ओला, वास मारणारा असेल तर पाणी शिरलं किंवा पातं घाणेरडं होतं. आंब्याचा चीक पात्यावर वाळतो, म्हणून दर पाच-दहा कलमांनंतर स्पिरिटने पुसा. कांडी फुटली, दोन पानं आली आणि मग एकदम मान टाकली, तर सांधा जुळलाच नव्हता, कांडी स्वतःच्या साठ्यावर फुटली होती. छाट कलमाचा तोच कोंब, दुसऱ्या वेषात.

आणि सगळ्यात फसवं: कलम तरारलेलं, पण पानं सांध्याच्या खालून आलेली. तो खुंट फुटतोय, म्हणजे रायवळ. अशी फूट दिसेल त्या दिवशी नखाने खुडा. ठेवली तर ती कांडीला मारते, आणि दहा वर्षांनी ‘नर्सरीवाल्याने फसवलं’ अशी तक्रार येते.

बाकीच्या झाडांना काय चालतं

काजूला मृदुकाष्ठ कलम, म्हणजे हीच पाचर, पण पिशवीत वाढलेल्या रोपाच्या कोवळ्या खोडावर. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती अशाच वाढवतात. संत्र्या-मोसंबीला डोळा भरतात: रंगपूर लिंबू किंवा जंबेरी या लिंबाच्या जातभाईंच्या खोडावर इंग्रजी टी सारखा छेद देऊन सालीखाली एकच डोळा सरकवायचा. गुलाबालाही तेच. द्राक्षाला नाशिक-सांगलीकडे डॉगरिजचा खुंट आधी शेतात लावून ऑगस्ट-सप्टेंबरात जागेवरच कलम करतात, कारण क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई तो खुंट सोसतो. मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबली की पुरे.

कोकम आणि जायफळ यांच्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे कांडीची निवड आंब्याहून नाजूक. या दोन्हींत नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. बियांपासून लावलीत तर कितीतरी वर्षं पाणी घालून, फुलं आल्यावर, निम्मी-शिम्मी झाडं नर निघतात. कलमात मादी झाडाची कांडी घेता येते, हा मोठा फायदा. पण जायफळाच्या आडव्या फांदीची कांडी घेतलीत तर कलम जन्मभर आडवंच पसरतं, झुडपासारखं. सरळ वाढणाऱ्या शेंड्याची घेतलीत तर झाड सरळ जातं. फांदीला आपण कोण होतो हे विसरता येत नाही. बागेत थोडी तरी नर झाडंही लागतात, हे विसरू नका.

जमिनीत गेल्यावर

दोन-अडीच महिन्यांनी सांधा भरलेला दिसला की पट्टी काढा. राहिली तर खोड जाड होताना ती आत रुतते आणि पुढे वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. आंब्याला मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा. दोन झाडांत नेहमीचं अंतर १० मीटर. लावताना सांधा जमिनीच्या वर ठेवा. नावाची चिठ्ठी कलमाला बांधा, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेली. मार्करने लिहिलेलं एक पावसाळा टिकत नाही.

पहिली तीन वर्षं मोहोर आला की खुडायचा. कलमाला मोहोर दुसऱ्या वर्षीही येतो, कारण कांडी जुन्या झाडाची. आपण वयात आलोय हे तिला माहीत असतं, खालच्या मुळांना नसतं. माझ्या पहिल्या सातांपैकी एकाला तिसऱ्या वर्षी मोहोर आला. मी खुडायला निघालो तर आईने हात धरला, पहिला मोहोर कसला मोडतोस म्हणून. चार फळं धरली, फांदी वाकली, तिला दोन ठिकाणी काठ्या लावल्या. चारही आंबे गोड निघाले. बाकीची सहा झाडं आज पडवीच्या कौलांवर गेली आहेत, ते अजून त्यांच्या खांद्यालाही लागत नाही.